नाकापेक्षा काटा जड

पत्राचा सारांश: गेली काही वर्षं हौसेनं गोल्फ खेळणाऱ्या एका वाचकानं आयर्नचा (चपट्या धातूच्या हेडच्या, नंबरवार क्लबांचा) जुना, वापरलेला सेट घेतला आणि घरीच त्याच्या ग्रिप, म्हणजे हातात धरायच्या मुठी, बदलल्या. नव्या ग्रिप जरा जाड आहेत. तेव्हापासून ७ नंबरचं आयर्न हातात ‘पोकळ’ लागतं, बाकीचे क्लब ठीक वाटतात. त्याच हुरुपात ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब क्लबचा, शाफ्टही (दांडा) ग्रिपच्या बाजूनं इंचभर कापला. चेंडू आता कमी भरकटतो, पण ‘हेड (चेंडूला लागणारं टोक) कुठं आहे तेच कळत नाही’. म्हणून स्विंग वेट, म्हणजे हाताला हेड किती जड लागतं त्याचं माप, मोजायचं ठरवलं; ते डी-०, डी-१, डी-२ अशा पॉइंटांत सांगतात. वर्कशॉपमध्ये असतो तसा काटा अख्ख्या सेटपेक्षा महाग पडतोय. स्वस्तातला छोटा काटा मित्राच्या मते खेळणं आहे, दोन-दोन पॉइंट चुकतो म्हणे. तिसरा कुणी सांगतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर काम होतं. ‘सगळे क्लब डी-२ वर आणायचे आहेत. कोणता काटा घेऊ?’

नमस्कार,

काट्याचं नंतर बोलू. आधी मला सांगा, ग्रिप तुम्ही सगळ्यांच्याच बदलल्या, मग पोकळ एकटं ७ नंबरच का लागतंय?

नवी ग्रिप जुनीपेक्षा १२ ग्रॅम जड आहे असं धरू. तेवढ्यानं स्विंग वेट अडीचएक पॉइंट उतरतं. पण ते सहा नंबरचंही उतरलं, आठचंही उतरलं. दोष ग्रिपचाच असता तर सगळा सेट पोकळ लागायला हवा होता. त्यामुळे मला संशय दुसरीकडे येतो. सेट वापरलेला आहे. आधीच्या मालकानं सात नंबरचा शाफ्ट कधीतरी बदलला असेल, किंवा तो थोडा आखूड कापला गेला असेल. सरावाला बहुतेक जण सात नंबरच घेऊन बसतात, त्यामुळे सेटमधला सगळ्यात जास्त मार खाल्लेला क्लबही बहुधा तोच. म्हणून पहिलं हत्यार काटा नव्हे, साधी मोजपट्टी. सहा, सात आणि आठ नंबर भिंतीला टेकवून शेजारी शेजारी उभे करा आणि लांबी मोजा. शेजारच्या दोन आयर्नमध्ये साधारण अर्ध्या इंचाचा फरक असतो. सहा ते सात पाऊण इंच आणि सात ते आठ पाव इंच असं निघालं, तर चोर सापडलाच. आयर्नची लांबी पाच मिलिमीटरनं कमी झाली तरी दीड-पावणेदोन पॉइंट जातात. हे काट्यानंही कळलं असतं, पण का जातात ते काट्यानं सांगितलं नसतं.

आता स्विंग वेट म्हणजे नक्की काय मोजतो ते एकदा समजून घेऊ. नावात वेट असलं तरी ते वजन नाही. ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर, म्हणजे ३५.५६ सेंटिमीटरवर क्लबला टेकू दिला तर हेडची बाजू किती जोरानं खाली ओढते, ते हे माप. तराजूची दांडी डोळ्यांसमोर आणा. हा १४ इंचांचा टेकू रॉबर्ट ॲडम्स यांनी १९२० च्या दशकात काढलेल्या काट्यातून रूढ झाला. त्यामागे निसर्गाचा नियम वगैरे काही नाही, तो ठरवून घेतलेला संकेत आहे. १२ इंचांवर टेकू असलेले काटेही होते आणि जुन्या बाजारात आजही हाती लागतात. दोन्हींची अक्षरं दिसायला सारखीच, पण एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नसतो. जुना काटा घ्यायला गेलात तर टेकूपासून ग्रिपचं टोक भिडतं त्या अडसरापर्यंतचं अंतर आधी मोजून बघा.

अक्षरं ए पासून पुढे चढत जातात आणि प्रत्येक अक्षरात शून्य ते नऊ असे दहा पॉइंट असतात. सी-९ नंतर डी-०. पुरुषांचे बाजारात मिळणारे क्लब बहुतेक डी-० ते डी-४ मध्ये सापडतात, वेज (जवळच्या उंच फटक्यांचे क्लब) त्याहून थोडे जड ठेवतात, आणि बायकांसाठीचे बहुधा सी मध्येच असतात.

तुमचा तिसरा मित्र बरोबर सांगतोय. घरात स्वयंपाकघराचा डिजिटल काटा, मोजपट्टी आणि एक तिकोनी कानस असली की काम भागतं. कानस धार वर करून टेबलाला चिकटपट्टीनं घट्ट बसवा. क्लब त्या धारेवर आडवा ठेवून पुढेमागे सरकवत तोल साधा. तोल साधला की शाफ्टवर बारीक खूण करा आणि ग्रिपच्या टोकापासून तिथपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. मग क्लबचं एकूण वजन. इथे लोक हमखास फसतात, कारण शाफ्ट टेबलाला टेकतो आणि काटा काहीही दाखवतो. काट्यावर वाटी उपडी ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि क्लब त्याच तोलाच्या खुणेवर वाटीच्या बुडावर ठेवा. दोन्ही टोकं अधांतरी राहिली पाहिजेत.

मग हिशेब. तोलाचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यातून ३५.५६ वजा करा, उत्तराला ग्रॅममधल्या वजनानं गुणा. त्यातून १५,३७४ वजा करा, कारण डी-० ला हा गुणाकार तेवढा येतो. उरलेल्याला १२६ नं भागा. जो आकडा येईल तेवढे पॉइंट तुम्ही डी-० च्या वर किंवा खाली. समजा सात नंबरचं वजन ४१८ ग्रॅम आणि तोल ७२.१ सेंटिमीटरवर. वजाबाकी ३६.५४, गुणाकार १५,२७४. डी-० पेक्षा १०० नं कमी, म्हणजे पाऊण पॉइंटहून किंचित जास्त. क्लब सी-९ च्या आसपास.

याच उदाहरणात तोलाची खूण तीन मिलिमीटर पुढे पडली असती तर उत्तर डी-० आलं असतं. म्हणजे आयर्नला तीन मिलिमीटरची चूक एका पॉइंटएवढी. वजनात एक ग्रॅमची चूक मात्र पॉइंटच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी. म्हणून दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर अख्खा क्लब तोलायच्या भानगडीत पडू नका, कस लागतो तो तोलाची जागा शोधण्यात. कानशीच्या दातांवर शाफ्ट अडखळत असेल तर स्टीलच्या पट्टीची कड वापरा.

दर वेळी तोल शोधायचा कंटाळा आला तर दुसरी रीत आहे. मला स्वतःला तीच जास्त आवडते. लाकडी फळीच्या एका टोकाला छोटा ठोकळा ठोका, ग्रिपचं टोक त्याला भिडवायचं. ठोकळ्यापासून ३५.५६ सेंटिमीटरवर धारेचा टेकू पक्का करा. तिथून पुढे बरोबर ४५ सेंटिमीटरवर स्वयंपाकघराचा काटा ठेवा आणि त्यावर दुसरा तसाच टेकू. काटा शून्यावर आणून आयर्न त्या दोन टेकूंवर ठेवा, हेड फळीबाहेर लटकतं राहू द्या. काटा ३४२ ग्रॅमच्या आसपास दाखवत असेल तर डी-०, आणि पुढे प्रत्येक पॉइंटला २.८ ग्रॅम. डी-२ म्हणजे ३४७. ड्रायव्हरचा तोल बराच पुढे असतो, तो या मापात काट्यापलीकडे कलंडेल. त्याच्यासाठी ४५ ऐवजी ६० सेंटिमीटर धरा: डी-० ला २५६ ग्रॅम, पॉइंटला २.१. एकदा फळी तयार झाली की अख्खी बॅग चहा गार व्हायच्या आत मोजून होते.

आता मित्राचा आक्षेप. ‘स्वस्त काटा दोन पॉइंट चुकतो.’ असेलही. पण कसा चुकतो? दर वेळी दोन पॉइंट कमीच दाखवत असेल तर तो तुमच्या कामाचा आहे. तुम्हाला कुणाला दाखला द्यायचा नाहीये की माझं आयर्न डी-२ आहे. तुम्हाला सात नंबर आणि आठ नंबर यांतला फरक हवाय, आणि दोन्हींतून तीच चूक वजा झाली की फरक बरोबरच उरतो. टाकाऊ काटा कोणता, तर तोच क्लब उचलून परत ठेवला की वेगळं बोलणारा. दहा वेळा ठेवून बघा. आकडे अर्ध्या पॉइंटच्या आत राहिले तर काटा घ्यायला हरकत नाही, मग तो कितीही स्वस्तातला असो. छोट्या घडीच्या काट्यांची खोड बहुधा टेकूत असते. प्लास्टिक घासतं आणि दांडी अडकते. बोटानं दांडी हलकेच खाली दाबून सोडा, मग वर उचलून सोडा. दोन्ही वेळा एकाच जागी थांबली नाही तर ठेवून द्या परत.

आकडा खरा आहे का, हेही घरी तपासता येतं. दहा ग्रॅमचं काहीतरी, नेमकं तोललेलं, ग्रिपच्या टोकापासून ६१ सेंटिमीटरवर शाफ्टला चिकटवा. स्विंग वेट बरोबर दोन पॉइंट चढलं पाहिजे. एकच चढलं किंवा तीन चढले तर त्या काट्याच्या खुणाच चुकीच्या आखल्या आहेत, आणि अशा काट्यावर फरकही खोटा निघतो.

सरकत्या वजनाच्या दांडीचा जुना काटा कुणी विकत असेल तर मी नव्या डिजिटलच्या आधी तो बघेन. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. फक्त सरकतं वजन मूळचंच आहे ना, आणि टेकू ढिला नाही ना, हे पाहून घ्या. वजन हरवून कुणी दुसरंच अडकवलं असेल तर दांडी शोभेची. डिजिटल काट्याचा खरा फायदा अचूकपणात कमी आणि वेगात जास्त. दुसऱ्यांचे क्लब बांधायला लागलात, शाफ्ट बदलताना हेड न चिकटवता नुसतं बसवून दर वेळी आकडा बघायचा असला, तर तो लागेल. एका सेटसाठी, वर्षातून दोनदा? नाकापेक्षा मोती जड होईल. पैसे खर्चायचेच असतील तर दागिने तोलायचा, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. अख्खा क्लब त्यावर मावणार नाही, पण ग्रिप, हेड आणि हेड जड करायला चिकटवतात त्या शिशाच्या पट्टीचे तुकडे तोलायला त्यासारखं काही नाही. एकाच पाकिटातल्या ग्रिपही दोन-चार ग्रॅमनं वेगळ्या निघतात. चढवण्याआधी तोलून जोड्या लावल्या की अर्धं काम तिथेच झालं.

माझी एक फजिती सांगतो. फळीच्या आधीच्या काळात मी एका संध्याकाळी सगळे आयर्न मोजायला बसलो. मध्येच टेबलाला धक्का लागला आणि टेकू पाच मिलिमीटर सरकला. मला पत्ता नाही. शेवटचे चार क्लब पावणेदोन पॉइंट हलके आले, मी इमानेइतबारे चौघांना शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या, आणि पुढचे तीन आठवडे हातोडे फिरवत होतो. वर्कशॉपमधला महागडा काटा असता तर हे टळलं असतं का? टळलं असतं. पण पहिला क्लब शेवटी परत मोजला असता तरीही टळलं असतं. तेव्हापासून ती सवय सोडलेली नाही.

आता डी-२ चं काय ते बघू. तुम्हाला हा आकडा कुठून मिळाला ते पत्रात नाही, पण तो चांगला आणि बाकीचे वाईट अशी समजूत बऱ्याच जणांची असते. समजा एका डी-२ क्लबच्या ग्रिपच्या टोकात तुम्ही ५० ग्रॅमचं वजन बसवलंत. स्विंग वेट १४ पॉइंटनं कोसळेल, कागदावर बी-८ होईल. हेड मात्र होतं तेवढंच आहे, आणि क्लब तर उलट ५० ग्रॅमनं जड झालाय. तो ‘हलका’ म्हणायचा का? जाड ग्रिपचंही थोड्या प्रमाणात हेच होतं. आकडा उतरला म्हणून हेडला शिसं लावून तो परत चढवायचा, की हाताला ठीक वाटतंय तर तसंच सोडायचं? तुमचेच शब्द आहेत, ‘बाकीचे क्लब ठीक वाटतात’. मग त्यांना हात लावू नका. त्यांचा आकडा मोजा, तो डी-० येवो की सी-८, आणि सात नंबर त्या रांगेत आणा. लक्ष्य तुमच्या बॅगेतच आहे. कारागिरांचा एक पंथ तर स्विंग वेट सोडून जडत्वाच्या आघूर्णावर, म्हणजे क्लब फिरवायला किती जोर लागतो त्यावर सेट जुळवतो, आणि त्या सेटमध्ये स्विंग वेटचे आकडे क्लबागणिक थोडे वेगवेगळे येतात. तेही मजेत खेळतात.

काटा घेण्याआधी एक गंमत करून बघा. घरातल्या कुणालातरी सात नंबरच्या मागच्या बाजूला कधी चार ग्रॅम शिशाची पट्टी, कधी तेवढ्याच आकाराची साधी चिकटपट्टी लावायला सांगा. दोन्हींवर वरून एकच कापडी पट्टी, म्हणजे दिसायला फरक नको. तुम्ही न बघता क्लब फिरवायचा आणि जड की हलका ते सांगायचं. दहा वेळा. चार ग्रॅम म्हणजे जवळजवळ दोन पॉइंट. आठ-नऊ वेळा ओळखलंत तर तुमचा हात तयार आहे, अर्ध्या पॉइंटपर्यंत मोजण्यात अर्थ आहे. पाच-सहाच ओळखले तर घरची फळी तुमच्या हातापेक्षा जास्त अचूक आहे, आणि वर्कशॉपचा काटा घेणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी आहे, तिथे तुमची तक्रार पूर्ण खरी आहे. वरून इंचभर कापला की टेकूच्या मानानं अख्खा क्लब इंचभर मागे सरकतो. ड्रायव्हर साधारण ३१० ग्रॅमचा असतो, म्हणजे सहा पॉइंट एका कापात गेले. डी-३ असेल तर सी-७ झाला. हेड हरवल्यासारखं वाटणारच. सगळं परत आणायचं तर हेडला दहाएक ग्रॅम लागतील, आणि एवढी शिशाची पट्टी दिसायला बरी नाही, थर लावले तर सुटतेही. तुमच्या हेडला बदलता येणारे स्क्रू असतील तर जड स्क्रू मिळतो का बघा. नसतील तर सगळे सहा पॉइंट भरून काढायचा हट्ट धरू नका. तळाला, मागच्या बाजूला तीन ग्रॅम लावा आणि आठवडाभर खेळा. मग आणखी दोन. हेड ‘सापडलं’ की थांबा आणि तिथला आकडा लिहून ठेवा. चेंडू आता सरळ जातोय, ही कमाई घालवू नका. कदाचित सी-९ लाच तुमचं काम होईल. हे सगळं फेरी सुरू होण्याआधी करायचं, फेरी चालू असताना पट्टी लावून किंवा काढून क्लबचा गुणधर्म बदलणं नियमात बसत नाही.

कापलेला तुकडा फेकला नसेल तर तोलून ठेवा. आजचं वजन, आजचा तोल, तो तुकडा आणि दोन ग्रिपमधला फरक एवढ्यावरून कापायच्या आधी ड्रायव्हर किती होता ते मागे जाऊन काढता येतं. आकडे पाठवलेत तर हिशेब मी करून देईन. सात नंबरची लांबीही कळवा. आठ नंबरशी पाव इंचाचाच फरक निघाला तर शिसं लावायच्या आधी मला विचारा, कारण तिथे ग्रिप काढून शाफ्टच्या टोकाला जोड देणं जास्त बरं पडेल.